आजोबांची गाडी, मित्रांची टीम: लांब पल्ल्याच्या व्हिंटेज रॅलीत उतरायचं तर

24 नोव्हेंबर 1968 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून 98 गाड्या सिडनीकडे निघाल्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत, दिल्लीमार्गे त्या डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईत पोचल्या आणि इथून 'चुसान' जहाजावर चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. मुंबईपर्यंत आघाडीवर होता रॉजर क्लार्क, फोर्ड लोटस कॉर्टिनात. शेवटी जिंकला अँड्रू कॉवन, हिलमन हंटर या साध्या घरगुती मोटारीत. घरात त्या वेळी मुंबईत असलेलं कुणी असेल तर विचारून बघा. गाड्यांचे किस्से निघाले की दोन तास सहज जातात, आणि चार मित्रांच्या डोक्यात रॅलीचा किडा शिरतो तो बहुधा अशाच बैठकीत.

किडा शिरल्यापासून स्टार्ट लाइनपर्यंत पोचायला लांब पल्ल्यासाठी दोन वर्षं धरा. कमी वेळात होतं, पण मग नोकरी, घर आणि गाडी यांपैकी कशाची तरी आबाळ होते.

आधी रॅली निवडा, मग गाडी

आपल्याकडच्या बहुतेक व्हिंटेज रॅली एका दिवसाच्या असतात. दिल्लीची स्टेट्समन रॅली 1964पासून चालू आहे, मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या फेऱ्या होतात. इथे गाडी मिरवायची असते. पहिला अनुभव इथेच घ्या. गाडी तीन तास गर्दीत तापली की तिचं खरं रूप कळतं, आणि जुने गडी भेटतात.

लांब पल्ल्याचं सगळ्यात मोठं नाव पेकिंग (आजचं बीजिंग) ते पॅरिस. 1907 साली पॅरिसच्या 'ल मातँ' या वर्तमानपत्राने आव्हान दिलं आणि 10 जूनला पाच गाड्या पेकिंगहून निघाल्या. प्रिन्स शिपिओने बोर्गेसे 'इताला' गाडीतून 10 ऑगस्टला पॅरिसला पोचला. वाटेतलं पेट्रोल आधीच उंटांवरून पुढे पाठवलेलं होतं. रशियात चाक मोडलं तेव्हा गावच्या सुताराने कुऱ्हाडीने नवं घडवून दिलं. 1997 साली हीच रॅली पुन्हा भरली तेव्हा ती तिबेट, नेपाळ, भारत आणि पाकिस्तानातून गेली, आणि जिंकली ती विलीस जीपने, म्हणजे जी जीप मुंबईत महिंद्रांनी जोडायला घेतली तिच्याच घराण्यातल्या गाडीने. 2024ची फेरी चीन, कझाकस्तान, कॅस्पियन समुद्र, अझरबैजान, जॉर्जिया, तुर्कस्तान अशी पॅरिसला गेली. पाच आठवड्यांहून जास्त दिवस आणि 14 हजार किलोमीटरच्या आसपास अंतर.

पहिल्याच झटक्यात तिथे नाव नोंदवू नका. युरोपात तीन ते पाच दिवसांच्या भरपूर रॅली होतात, आणि काही आयोजक जुनी गाडी भाड्याने देतात. आपण विमानाने जायचं, गाडी तिथे तयार. शुल्क जास्त वाटेल, पण जहाजाचं भाडं आणि कस्टमची हमी यांचा हिशोब मांडलात तर ही सोय महाग नाही. शिवाय तुमच्या मित्राला नकाशा वाचता येतो का, हे घरची गाडी पणाला न लावता कळतं.

कागद: गाडी अजून आजोबांच्याच नावावर आहे का?

बहुतेक घरांत आहे. शेडमध्ये फियाट उभी, आरसी बुकावर आजोबांचं नाव, आणि आजोबा जाऊन बारा वर्षं झाली. मालकाच्या निधनानंतर वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म 31 लागतो. मृत्यूची माहिती 30 दिवसांत द्यायची आणि अर्ज तीन महिन्यांत करायचा, असा नियम. ती मुदत कधीच उलटलेली असेल, तर उशिराचा दंड भरून काम होतं. खरी अडचण असते इतर वारसांच्या संमतीची. गाडीत कुणालाच रस नव्हता तोवर ठीक होतं. तुम्ही ती रॅलीला नेणार म्हटल्यावर चुलत भावंडांनाही जिव्हाळा फुटतो. सह्या आधी घ्या, दुरुस्तीवर पैसा नंतर घाला. आरसी बुक हरवलं असेल तर दुसरी प्रत फॉर्म 26 भरून मिळते.

2021 साली केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेजचं वेगळं प्रकरण घातलं. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुनर्नोंदणीला 5,000, मुदत 10 वर्षं. नवी नोंदणी 'व्हीए' मालिकेत होते. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. आणि तो ठेवाच, नंबर हाही गाडीचा भागच असतो. मात्र व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज भाजी आणायला तीच वापरायची असेल तर ही नोंदणी करू नका. चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफारही चालत नाही, हे गॅरेजवाल्याला पहिल्याच दिवशी सांगा.

कुठली गाडी चांगली? घरात जी आहे ती. निवड करायला वाव असेल तर माझं मत असं: खडबडीत वाटेला जीप, कारण तिच्यात बिघडायला मुळात फारसं काही नाही. फियाट 1100 छोटी, 1089 सीसीची, चढावर दम लागतो. पण प्रीमियरने ती कुर्ल्यात वर्षानुवर्षं बनवली, त्यामुळे सामान अजून मिळतं. अॅम्बॅसिडर जड आहे, तरी तिचे पाटे (पोलादी पानांच्या स्प्रिंगा) आणि सस्पेन्शन कच्च्या रस्त्याला फियाटपेक्षा सरस. तीसच्या दशकातली शेवरले किंवा फोर्ड असेल तर सोन्याहून पिवळं. जमिनीपासून उंच, इंजिन मोठं आणि संथ, म्हणूनच पेकिंग-पॅरिसला अशा अमेरिकन गाड्या इतक्या दिसतात.

वडीलधाऱ्यांना कामाला लावा

प्रेरणा म्हणून फोटोला हार घालण्यापुरते वडीलधारे ठेवू नका. ज्या काकांनी ही गाडी वीस वर्षं चालवली, त्यांना तिच्याबद्दल कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त माहिती आहे. त्यांना बॉनेटसमोर खुर्ची टाकून द्या आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा. 'गाडी कशी होती?' असं विचारलंत तर 'एकदम राजा गाडी' एवढंच उत्तर येईल. प्रश्न नेमके हवेत: थंडीत चोक किती ओढायचात? घाटात कुठे बंद पडायची? दर वर्षी काय बदलावं लागायचं? आवाज कुठला आला की थांबायचात?

डेल्कोचं, म्हणजे प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं, झाकण काढून सीबी पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) कसे साफ करायचे ते त्यांच्याकडून हाताने शिकून घ्या. आमच्या काकांची पद्धत अशी: बारीक पॉलिश पेपर दुमडून दोन्ही बाजूंनी खरखरीत करायचा, पॉइंटच्या मध्ये धरून दोन-तीनदा ओढायचा, मग कोरा कागद ओढून काजळी पुसायची. शाफ्ट अशा जागी फिरवायचा की पॉइंट पूर्ण उघडले पाहिजेत, आणि मग गॅप बघायचा. फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) जवळ नसेल तर त्यांच्या खिशात ठरावीक जाडीचा एक पुठ्ठा असायचा. तुम्ही फीलर गेज बाळगाच, पण हाताला ती सवय लागू द्या. कझाकस्तानच्या माळावर टॉर्च तोंडात धरून हेच करायचं आहे.

दुसरी युक्ती जवळपास प्रत्येक जुन्या ड्रायव्हरकडून ऐकायला मिळते. उन्हात चढावर गाडी फुरफुर करून बंद पडली की बॉनेटखालच्या, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकायचं. नळीतलं पेट्रोल उष्णतेने वाफ होऊन अडतं, फडक्याने पंप थंड झाला की पुन्हा वाहू लागतं. रॅलीसाठी मात्र पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून लांब न्यावी, तिला उष्णतारोधक वेष्टन घालावं आणि नियमांत बसत असेल तर टाकीजवळ जादा इलेक्ट्रिक पंप बसवावा.

टीम आणि पैशाची वही

एका गाडीत दोघं, हे बहुतेक रॅलींचं गणित. एक चालवणार, एक वाट सांगणार. चौघे मित्र असाल तर दोन गाड्या घ्या, आणि शक्यतो एकाच जातीच्या, म्हणजे सुट्टे भाग वाटून नेता येतात. दोन फियाट असतील तर हेड गॅस्केट, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) आणि अॅक्सल शाफ्ट एकेकच पुरतो.

जोड्या लावताना दोस्तीकडे कमी आणि स्वभावाकडे जास्त बघा. नॅव्हिगेटर गप्पिष्ट असला की वळणं चुकतात. ज्याला गाडीत वाचताना मळमळतं त्याला रोडबुक (वळणावळणाची वाट दाखवणारी वही) देऊ नका. दोघांनाही गाडी चालवता यायला हवी. एकाचं पोट बिघडलं की काय होतं याचा विचार आधीच करा.

पैशांबद्दल सगळं लिहून ठेवा. इंजिन बसलं तर खर्च गाडीमालकाचा की निम्मा-निम्मा? एकाने सहा महिने आधी माघार घेतली तर भरलेलं शुल्क कुणाचं? मैत्रीत हे बोलायला जड जातं, म्हणून टीमबाहेरच्या एखाद्या काकांना खजिनदार करा. 'पावती आण' हे ते सहज म्हणू शकतात. एकूण अंदाज काढाल त्यावर तिसरा हिस्सा आणखी धरा.

गाडी उघडा

इंजिन गुळगुळीत चालतंय म्हणून ते तसंच नेण्याचा मोह होतो. लांब पल्ल्याला निघायचं तर इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकदा उघडून बघितलंच पाहिजे, आणि तेही निघण्यापूर्वी वर्षभर, म्हणजे नवे भाग मुरायला वेळ मिळतो. ऐन वेळी केलेलं ओव्हरहॉलिंग हे न केलेल्यापेक्षा धोक्याचं.

सगळ्यात आधी कूलिंग. रेडिएटर नुसता धुऊन भागत नाही. कोअर नवा घाला, होस पाइप सगळे बदला, मागे इलेक्ट्रिक पंखा लावा. मग पेट्रोलची वाट. आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची वॉशरं त्याने फुगतात नाहीतर चिरतात. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, त्यामुळे टाकी आतून गंजते आणि गंज कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक छिद्रात) येऊन बसतो. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला, टाकी आतून साफ करा, फिल्टर दोन लावा आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हसीटना शिशाच्या पेट्रोलचा आधार होता. हेड उघडलंच आहे तर कठीण धातूच्या सीट बसवून घ्या.

पाट्यांकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि कच्च्या रस्त्यावर आधी तेच मोडतात. पाटे सोडवून प्रत्येक पान तपासा, बुश नवे घाला, मुख्य पान जादा न्या. शॉकप चांगले हवेत. सम्पखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली, जाड पत्र्याचं गार्ड लावा. सामान कमी ठेवा. दोन माणसं, दोन स्टेपन्या आणि पानेच मिळून गाडी खाली बसते. ब्रेक ड्रमचे असतील तर लायनर नवे, व्हील सिलिंडर नवे, आणि घाट उतरताना गिअरात उतरायची शिस्त. ड्रम तापले की पेडल दाबलं तरी गाडी पुढेच जाते.

सुट्ट्या भागांसाठी मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर आणि कुर्ला, पुण्यात नाना पेठ. फोनवर 'आहे' म्हणतात, प्रत्यक्षात दुसऱ्याच मॉडेलचं निघतं. जुना भाग हातात घेऊन जा. पेटीत काय असावं: सीबी पॉइंट आणि कंडेन्सरचे तीन-चार जोड, डेल्को कॅप, रोटर, कॉइल, प्लग, फॅन बेल्ट, हेड गॅस्केट, वॉटर बॉडी, पंपाचं किट, क्लच प्लेट, व्हील बेअरिंग, ऑइल सील, युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस, होस क्लिपा, वायर, फ्यूज, बाइंडिंग तार, एम-सील, टोचनाचा दोर. कंडेन्सर नवा घेऊन तसाच पेटीत टाकू नका. गाडीला लावून शंभरेक किलोमीटर चालवा आणि मग ठेवा. नवे कंडेन्सर डब्यातूनच मेलेले निघतात. इंजिन हाताने फिरवायचं क्रँकचं हँडल असेल तर ते घासून-पुसून सोबत घ्या, सेल्फ गेल्यावर त्याची किंमत कळते.

रोडबुक, ट्रिपमीटर आणि सेकंद

अशा रॅलीत सगळ्यात वेगात जाणारा जिंकतोच असं नाही. मोठा भाग 'रेग्युलॅरिटी'चा असतो: ठरवून दिलेला सरासरी वेग राखायचा. वाटेत वेळ नोंदणारे लपून बसलेले असतात. लवकर पोचलात तरी दंड, उशिरा पोचलात तरी दंड, आणि तो बहुधा सेकंदाच्या हिशोबाने.

रोडबुकात प्रत्येक वळणाची छोटी आकृती असते. गोळा म्हणजे तुम्ही जिथून येताय ते, बाण म्हणजे जायचं ते. शेजारी सुरुवातीपासूनचं अंतर आणि मागच्या खुणेपासूनचं अंतर. म्हणून गाडीच्या मीटरवर विसंबून चालत नाही, अंतर नेमकं मोजणारा ट्रिपमीटर लागतो आणि तो आयोजकांनी मोजून दिलेल्या पट्ट्यावर जुळवून घ्यावा लागतो. टायरमधली हवा आणि गाडीतलं ओझं रॅलीच्या दिवशीइतकंच ठेवून जुळवा, नाहीतर दहा किलोमीटरमध्ये शंभर मीटरचा फरक सहज पडतो.

गणित साधं आहे. 3600ला वेगाने भागलं की एका किलोमीटरचे सेकंद मिळतात. ताशी 48 किमी म्हणजे किलोमीटरला 75 सेकंद. 6.4 किलोमीटरवर तुम्ही बरोबर 8 मिनिटांनी असायला हवं. तिथून पुढे वेग 40 दिला असेल तर किलोमीटरला 90 सेकंद, म्हणजे 9.0 किलोमीटरच्या खुणेवर 11 मिनिटं 54 सेकंद. 36पासून 60पर्यंतच्या वेगांचा तक्ता करून लॅमिनेट करून घ्या. परीक्षेला पाढे पाठ केले तसे यातले चार-पाच आकडे पाठच करा.

गाडीतलं बोलणंही ठरलेलं असावं. "चारशेवर डावीकडे, देऊळ सोडून." "डावीकडे." "तीन सेकंद पुढे आहेस." "सोडतो." एवढंच. 'अरे, मी म्हटलं होतं ना' हे वाक्य संध्याकाळच्या चहाला. वळण चुकलं तर वेगाने भरून काढायला जाऊ नका. किती मीटर चुकलो ते ट्रिपमीटरवरून वजा करा, वेळेचं गणित पुन्हा मांडा, मगच पुढे.

सराव आपल्या रस्त्यांवर

महाराष्ट्रात सरावाला कुठे लांब जायला नको. पुण्याहून वाई, पसरणी घाटाने महाबळेश्वर, आंबेनळी घाटाने पोलादपूर, कोकणात मुक्काम, परत येताना ताम्हिणी. चढ, उतार, दमट हवा आणि खड्डे, सगळं मिळतं. उष्णतेची परीक्षा घ्यायला एप्रिलमध्ये सोलापूरच्या बाजूला दिवसभर चालवा. सलग तीन दिवस, रोज तीनशे-साडेतीनशे किलोमीटर झाले आणि पाना फक्त रोजच्या तपासणीला लागला, तर गाडी तयार म्हणा. एक दिवस मागच्या सीटवर काकांना बसवा. त्यांना तुमच्या आधी आवाज ऐकू येतो.

रोज रात्री पंधरा मिनिटांची तपासणी ठरलेल्या क्रमाने करा: ऑइल, पाणी, ब्रेक ऑइल, बेल्ट, चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट, खाली कुठे गळतंय का. रॅलीत दमून आल्यावर हेच करायचं असतं, आणि सवय नसेल तर पहिली गोष्ट टळते ती हीच.

परदेशात न्यायची तर

गाडीचा पासपोर्ट म्हणजे कार्नेट. मुंबईत चर्चगेटला वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही जुनी संस्था ते देते. गाडीच्या किमतीवर ठरलेली बँक हमी द्यावी लागते, मुदत एक वर्ष. ज्या देशात ते लागतं तिथे आत जाताना एक शिक्का, बाहेर पडताना दुसरा. सीमेवर रांग कितीही असो, बाहेरचा शिक्का बघितल्याशिवाय हलू नका. तो राहिला तर गाडी तिथेच विकली असं धरून कर मागितला जातो.

आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवाना आरटीओतून मिळतो, तोही एका वर्षाचा. चीनमध्ये तो चालत नाही. तिथला तात्पुरता परवाना आणि नंबर प्लेट आयोजक करून देतात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासूनच करता येतो, त्यामुळे सगळे व्हिसे एका रांगेत बसवायला वेळापत्रक करा. गाडी न्हावाशेवाहून कंटेनरने जाते. 40 फुटी कंटेनरमध्ये दोन फियाट आरामात बसतात आणि भाडं वाटलं जातं. टाकीत अगदी थोडं पेट्रोल, बॅटरीची तार सोडलेली, चाकं बांधलेली, आणि आत काय काय आहे याची यादी कस्टमला दिलेल्या यादीशी तंतोतंत जुळणारी.

खाण्याचं सामान न्या, पण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. आईने प्रेमाने दिलेलं तूप आणि पेढे सीमेवर जातील. चिवडा, भाजणी आणि कोरडी चटणी चालून जाते.

परत आल्यावर एक काम उरतं, आणि दमलेल्या माणसाकडून तेच राहून जातं. न्हावाशेवाला गाडी सोडवताना कार्नेटवर पुन्हा आयात झाल्याचा शिक्का घ्या, सगळी पानं तपासा आणि ते कार्नेट मुदतीत संस्थेकडे परत करा. बँक हमी त्यानंतरच सुटते.